मुक्या मुलीचा शेवटचा भाग

कैरोहून टीव्हीवाले आमच्या गावात आले ते माझ्या मनोऱ्यासाठी. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर गावात जो तो म्हणायला लागला की ते त्याच्या खजुरीच्या झाडांसाठी आले, नाहीतर त्याच्या देखण्या तोंडासाठी. कफ्र अबू निहलामध्ये कबुतरांचे मनोरे बरेच आहेत, पण कालव्याच्या काठावरचा, पांढऱ्या मातीनं लिंपलेला सगळ्यात उंच मनोरा माझा. नवरा मरताना माझ्यासाठी तेवढंच ठेवून गेला. कबुतरांची पिल्लं विकून मी जगते, आणि विष्ठा कलिंगडवाले येऊन खतासाठी पोत्यानं नेतात.

मालिकेचे दिग्दर्शक रऊफसाहेब म्हणजे लालबुंद झालेला, सारखी मान पुसणारा माणूस. त्यांनी माझ्या अंगणात बसून गोष्ट सांगितली. एक गाव असतं. तिथं रोज संध्याकाळी एका मुलाचा आवाज नाहीसा होतो. मूल हसतं, रडतं, तोंड उघडतं, पण आवाज नाही. चोर कोण ते कुणाला कळत नाही. मग शहरातून आजोबांकडे आलेला एक मुलगा शोध घेतो, आणि शेवटी कळतं की चोरलेले आवाज कबुतरांच्या गळ्यात लपवून ठेवलेत आणि कबुतरं मनोऱ्यात कोंडलीत.

"म्हंजी माझी कबुतरं चोर?" मी विचारलं.

"नाही हो बाई, कबुतरं बिचारी निरपराध. चोर कालव्यातला जादूगार."

"मग ठीक हाय," मी म्हटलं, आणि त्या सगळ्यांना हिरव्या गव्हाचं सारण भरलेली कबुतरं जेवायला घातली. बोटं चाटून खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यांचा एक माणूस मनोऱ्याखाली उभा राहून तक्रार करायला लागला, की कालच्यापेक्षा आज कबुतरं कमी दिसतात, दृश्य जुळणार नाही. मी म्हटलं, "सायब, तुमचे नट तुमीच खाल्लेत." त्यावर रऊफसाहेब पोट धरून हसले होते. चांगले लोक होते, मी त्यांना वाईट म्हणत नाही.

पहिल्यांदा जिचा आवाज जातो त्या मुलीच्या कामाला त्यांना गावातलीच मुलगी हवी होती. त्यांनी निवडली आमची नवारा. माझ्या धाकट्या भावाची, मितवल्लीची, एकुलती एक मुलगी. सगळा गाव हसला, कारण नवाराचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं. गाढवाशी बोलायची, भाकरीच्या भट्टीशी बोलायची, मेलेल्या माझ्या नवऱ्याच्या फोटोला दिवसभराच्या बातम्या द्यायची. तिला मुकीचं काम दिलं! तिची आई सनिय्या म्हणाली, "या लोकांनी माझ्यावर उपकार केलं. येवढं दिस तरी घरात शांतता." पण घरी आल्यावर नवारा दिवसभराचं तुंबलेलं सगळं एकदम बोलून टाकायची.

सगळ्या मालिकेत तिला एकच वाक्य होतं, अगदी शेवटच्या भागात. कबुतरं सुटतात, तिचा आवाज परत येतो, आणि ती मनोऱ्याच्या टोकावरून खाली अंगणातल्या आईला हाक मारते: "आये, वर बघ की! मी हितं हाय!"

त्या एका वाक्यानं गल्लीचं डोकं उठवलं. गच्चीवरून, झाडावरून, मशिदीच्या कट्ट्यावरून तिची तालीम चाले. बाकीच्यांना कळायचं की ही तालीम आहे. सनिय्या मात्र पीठ मळता मळता दर वेळी मान वर करायची आणि मग स्वतःवरच चिडायची. मालिकेत आईचं काम कैरोची एक गोरी बाई करत होती. सनिय्याला ते काही पचलं नाही. "पोर माझी, आन् आये म्हनती त्या रंगवलेलीला," असं ती मला दोनदा तरी म्हणाली असेल.

त्यांचं काम संपलं, गाड्या गेल्या. रमजानमध्ये इफ्तार झाल्यावर मालिका दाखवतील असं सांगून गेले. गावातली निम्मी पोरं कुठल्या ना कुठल्या दृश्यात होती. हाजी शिंदींचं दार, मितवल्लीचं गाढव, माझा मनोरा, सगळं टीव्हीवर येणार होतं. लोक रमजानची अशी वाट पाहायला लागले की मौलवींनी शुक्रवारी टोमणा मारला, यंदा गावाची श्रद्धा फार वाढलेली दिसते.

रमजान तोंडावर आला असताना नवाराला ताप भरला. सकाळी मान दुखते म्हणाली. संध्याकाळी तिला शहराच्या इस्पितळात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी मितवल्ली तिला हातांवर घेऊन परत आला. याहून जास्त मला त्याबद्दल सांगवत नाही.

आमच्याकडे मयत झालं की घरातला टीव्ही झाकतात. रेडिओ बंद, टेप बंद. चाळीसावा दिवस होईपर्यंत आवाज म्हणून फक्त कुराणाचा. शेजारीही आपल्या घरातला आवाज बाहेर जाऊ देत नाहीत, दुःखातल्या घराच्या कानावर गाणं पडू नये म्हणून. एरवी एक गल्ली पाळते. नवारासाठी सगळ्या गावानं पाळलं. दफन झालं त्याच संध्याकाळी हाजी शिंदी मशिदीबाहेर उभे राहिले. गावात पहिला टीव्ही त्यांनी आणलेला, त्यांचा शब्द चालतो. म्हणाले, "पोरीचा चाळीसावा हुईस्तवर कफ्र अबू निहलात एकबी पेटी उघडायची न्हाई. ती मालिका तर न्हाईच न्हाई. मितवल्लीच्या काळजाला आपल्या हातानं सुरी लावायची न्हाई." लोकांनी माना हलवल्या. घरोघरी टीव्हीवर काळी फडकी पडली. चाळीसावा ईदच्याही नंतर येत होता.

आणि गावानं ते खरंच पाळलं हो. आमच्या गावाला कुणी नावं ठेवली तर मी हेच सांगते. पोरं रडली, झाकलेल्या पेटीसमोर बसून राहिली. हाजींच्या नातीनं दोन दिवस अन्न टाकलं, कारण दुसऱ्या भागात विहिरीपाशी ती घडा घेऊन उभी होती. पण एकाही घरातलं फडकं उचललं गेलं नाही. इफ्तार झाला की सगळं गाव कसं गप्प व्हायचं. मितवल्ली प्रत्येकाच्या दारात जाऊन, हात छातीवर ठेवून आभार मानून आला.

मी रोज इफ्तारला सनिय्याकडे जायची. ती मुलुखियाची पातळ भाजी करायची आणि स्वतः दोन घास खाऊन उठायची. एका संध्याकाळी वारा पलीकडच्या मिनयत रिहान गावाकडून येत होता. आम्ही दोघी गच्चीवर होतो. कालव्यापलीकडच्या चहाच्या दुकानातून एक गाणं तुटक तुटक ऐकू आलं. पोरांचा कोरस होता, मध्येच कबुतरांची फडफड. आम्हा दोघींना लगेच कळलं ते कसलं गाणं आहे. सनिय्या कठड्याशी गेली आणि वारा फिरेपर्यंत तिथंच उभी राहिली.

मग म्हणाली, "वन्सं, येक सांगू? कुनाला बोलायचं न्हाई."

"बोल की."

"मला तिचा आवाज आठवंना झालाय."

मी म्हटलं, "काय बोलतीस? पोरीला जाऊन म्हैना झाला न्हाई."

"तोंड आठवतं. फोटू बी हाय. पर आवाज... काल दिसभर आठवला. हाजीच्या नातीचा येतो, शेजारच्या पोरीचा येतो. तिचा येत न्हाई. मी तिची आय हाय न्हवं?"

मी तिला धीर द्यावा म्हणून नवारासारखं बोलून दाखवायला गेले. तोंडातून माझाच घोगरा आवाज आला, तंबाखू खाल्लेल्या म्हातारीचा. गल्लीत टेपरेकॉर्डर होते, पण त्यांवर लग्नाची गाणी भरलेली आणि कुराण. पोरीची बडबड कोण टेपवर भरून ठेवतं? ती बडबड कधी संपेल असं कुणाला वाटलं होतं?

"त्या मालिकेत शेवटाला ती बोलती," सनिय्या म्हणाली. "येकदाच बोलती, पर बोलती. मला त्येवढं ऐकायचंय वन्सं. येकदा कानात बसला की मी न्हाई विसरायची."

"मग मितवल्लीला सांग."

"काय सांगू? पोरीच्या दुःखात आईला टीव्ही बघायचाय म्हून? लोक काय म्हनतील? गावानं आपल्यासाठी पेट्या झाकल्यात आन् आपुन उघडायची?"

मी गप्प बसणारी बाई नाही. आधी भावाला गाठलं. सनिय्याचं नाव न घेता म्हटलं, "मितवल्ली, शेवटच्या भागापुरतं फडकं काढू. दार लावून घिऊ. आवाज बारीक ठिवू."

तो गाढवाला चारा घालत होता. त्यानं मान वर केली नाही. "ताई, हाजीची नात उपाशी ऱ्हायली माझ्या पोरीसाठी. आन् मी माझ्या घरात टीव्ही लावू? उद्या कुनाच्या तोंडाकडं बघू मी?"

"पोरगी तुझी हाय रं."

"म्हूनच," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

मग हाजींकडे गेले. ते ओट्यावर जपमाळ ओढत बसले होते. मी म्हटलं, "हाजी, येका दिसाची सवलत द्या. शेवटच्या भागाची."

"कुनी मागितलीय? पोरीच्या आईनं?"

मी तिला शब्द दिला होता. "मलाच बगायचाय," म्हटलं. "माझा मनोरा हाय त्यात."

हाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटावी. "इन्साफ, पांढऱ्या केसांची झालीस. भाचीच्या कबरीची माती वाळली न्हाई आन् तुला मनोऱ्याची पडलीय?" मग त्यांचे डोळे भरून आले. "माझ्या दारात खेळत व्हती गं ती. मी काय दगड हाय? मलाबी बघू वाटतं. पर मितवल्लीचं तोंड बघितलं की फडकं उचलायला हात उठत न्हाई."

एखादा माणूस दुष्ट असता तर मी त्याला चांगलं खडसावलं असतं. इथं सगळेच भले. सनिय्या गावाकडे बघून गप्प, मितवल्ली हाजींकडे बघून गप्प, हाजी मितवल्लीकडे बघून गप्प. मला इतका संताप आला की घरी येऊन मी कबुतरांवर ओरडले.

दुःखातली बाई चाळीसाव्यापर्यंत घराबाहेर पडत नाही, फक्त गुरुवारी कबरस्तानात जाते. मयताच्या नावानं गोड भाकऱ्या वाटायला जाता येतं, त्याला कुणी अडवत नाही. मिनयत रिहानची फिक्रिया माझ्याकडून पिल्लं घेते. तिनं सांगितलं की मालिकेचा शेवट रमजानच्या शेवटच्या गुरुवारी आहे. कबरस्तान आमच्या गावाच्या आणि त्यांच्या गावाच्या मध्ये आहे. मी फिक्रियाला म्हटलं, "त्या दिशी दोन बाया इफ्तारला ईतील. प्रश्न इचारायचे न्हाईत." फिक्रियानं प्रश्न विचारले नाहीत, आणि ती किती बोलकी आहे ते मला माहीत असल्यामुळे मी आजही तिला पिल्लं निवडून देते.

त्या गुरुवारी आम्ही टोपली घेऊन निघालो. सनिय्यानं नवाराच्या कबरीवर पाणी शिंपडलं, भाकऱ्या वाटल्या. मग मी तिचा दंड धरला आणि गावाकडे वळायच्या ऐवजी कालव्याच्या पुलाकडे वळले.

"वन्सं, कुटं?"

"गप चल. बघायचाय न्हवं तुला?"

तिचे पाय जागेवर थबकले. मग ती एवढ्या झपाझप चालायला लागली की मलाच दम लागला.

फिक्रियाचं घर नातवंडांनी भरलेलं. अजान झाली, आम्ही खजूर खाल्ला, पाणी प्यालो. सनिय्यानं पुढ्यातली मसूरडाळ नुसती ढवळली. पोरं टीव्हीसमोर चटईवर दाटीवाटीनं बसली होती, हातात कतायफ, तोंडाला पाक लागलेला. काळ्या कपड्यातल्या दोन बाया मागं भिंतीशी का बसल्यात याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

गाणं सुरू झालं. मग माझा मनोरा दिसला. खरं सांगते, मला काही वाटलं नाही. मितवल्लीचं गाढव गेलं. आणि नवारा आली.

ती पुढच्या दाराच्या चौकटीत उभी होती, वेणी सुटलेली, नाकाला माती लागलेली. सनिय्यानं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. पोरगी चालत होती, डोळ्यांनी खुणा करत होती. शहरातल्या मुलाला मनोऱ्याकडे ओढत नेत होती. तिला बोलायचं नव्हतं, तरी तिच्या तोंडाकडे पाहून कळत होतं की आता हिला आवरत नाहीये. पोरांपैकी एक जण ओरडला, "मुकीला ठाऊक हाय! मुकीला सगळं ठाऊक हाय!" सनिय्या हसली. पोरगी गेल्यापासून पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

जादूगार हरला. मनोऱ्याची भोकं उघडली आणि कबुतरं बाहेर पडली, ढगच्या ढग. नवारा टोकावर चढली होती. खाली ती रंगवलेली बाई अंगणात रडत होती. सनिय्या पुढं सरकली, सरकत सरकत पोरांच्या मधोमध जाऊन गुडघ्यांवर बसली. पडद्यावर नवाराचं तोंड मोठं झालं. ओठ उघडले.

"आई, वर बघ ना! मी इथे आहे!"

आवाज गोड होता, स्वच्छ, कैरोच्या शाळेत शिकलेल्या पोरीचा. तो नवाराचा नव्हता.

हे का केलं ते मला माहीत नाही. मनोऱ्यावरचा वारा असेल, कबुतरांच्या फडफडीत तिचा आवाज नीट आला नसेल. किंवा आमची खेडवळ बोली त्यांना चालली नसेल, आणि स्टुडिओत बसवून दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घेतलं असेल. पोरगी गेलीय हे त्यांच्या कानावर होतं की नव्हतं, देव जाणे. मी नंतर कधी विचारलं नाही. त्या वेळी मी फक्त सनिय्याच्या पाठीकडे बघत होते. ती हलली नाही.

फिक्रियाची नातवंडं टाळ्या वाजवायला लागली. पडद्यावर नवारा आता हसत होती, हात हलवत होती, खाली जमलेल्या पोरांना एकेकाच्या नावानं हाका मारत होती. तेवढी चार वाक्यं रऊफसाहेबांनी ऐन वेळी वाढवली असावीत. सगळी त्या गोड, परक्या आवाजात.

सनिय्या उठली. टीव्हीपाशी गेली. दुसऱ्याच्या घरात, भरल्या पोरांत, तिनं बटण धरलं आणि आवाज पूर्ण बंद केला.

पोरांनी एकच गलका केला. "ए बाई! ए आजी, बघ की गं ही!" फिक्रियानं सगळ्यांना एका शब्दात गप्प केलं. खोलीत काही ऐकू येईना. सनिय्या काचेला नाक लागेल इतकी जवळ बसून त्या तोंडाकडे बघत राहिली. नवारा बोलत होती, भरभर, नेहमीसारखी, आणि सनिय्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मग पडद्यावर नटांची नावं आली आणि संपलं. सनिय्यानं बटण पुन्हा होतं तसं केलं आणि पोरांना म्हणाली, "चुकलं बाळांनो."

आम्ही परत निघालो. पुलावर ती एकदा थांबली, कालव्याच्या पाण्यात थुंकली आणि पुन्हा चालायला लागली. मी मनातल्या मनात रऊफसाहेबांना, त्यांच्या स्टुडिओला आणि त्या गोड आवाजाच्या पोरीलासुद्धा शिव्या दिल्या. तिची काही चूक नव्हती, तरी दिल्या.

गल्लीत शिरलो तेव्हा सगळीकडे शांत होतं. दारादारांतून लोक बसले होते आणि आम्हाला पाहून आदरानं आवाज खाली आणत होते. मितवल्ली दारात उभा होता. आम्ही कबरस्तानाच्या नाही, पुलाच्या बाजूनं आलो हे त्यानं पाहिलं. आता हा तमाशा करणार म्हणून मी पदर खोचला. पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

"ऐकलास तिचा आवाज?" त्यानं बायकोला विचारलं.

"ऐकला."

"तिचाच व्हता?"

सनिय्यानं टोपली खाली ठेवली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"तिचाच," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाचा आसनार? जरा बसला व्हता. वर मनोऱ्यावर वारं लागलं आसंल पोरीला."

"मोठ्यानं बोलली?"

"लई मोठ्यानं."

मितवल्ली उंबऱ्यावर बसला. कबरीत उतरून पोरीला स्वतःच्या हातानं ठेवताना तो रडला नव्हता. गावाचे आभार मानत फिरताना रडला नव्हता. आता दोन्ही हात तोंडावर दाबून तो असा रडायला लागला की समोरच्या घरातले लोक उठून आत गेले आणि दार लोटून घेतलं, त्याला लाज वाटू नये म्हणून.

"मला का न्हाई न्हेलंसा?" तो म्हणत होता. "मला का न्हाई न्हेलंसा तुमी?"